ट्रकवर कॅम्पर चढवण्याआधी: टायर आणि चाकं कशी निवडायची

यलोस्टोन, ग्लेशियर, मोआब, डेथ व्हॅली अशा जागांची यादी करून ठेवलेल्या अमेरिकेतल्या मराठी कुटुंबाला कधी ना कधी ट्रक कॅम्परचा मोह होतो. पिकअपच्या मागच्या हौद्यात एक छोटं घर बसवायचं आणि निघायचं. मागे ट्रेलर ओढायचा नाही, रिव्हर्स घेताना घाम फुटत नाही, कच्च्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या मुक्कामापर्यंतही जाता येतं. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मी हा प्रकार मनापासून सुचवतो.

पण ट्रेलर आणि ट्रक कॅम्पर यांत एक मोठा फरक आहे आणि तो नवख्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. कॅम्परला चाकं नसतात, त्यामुळे त्याचं जवळजवळ सगळं वजन ट्रकच्या मागच्या एक्सलवर, म्हणजे बहुतेक ट्रकांच्या बाबतीत फक्त दोन टायरांवर येतं. तीन-साडेतीन हजार पौंडांचा बोजा, तोही उंच, आणि हायवेवर तासन्‌तास. ट्रकच्या इतर कुठल्याही भागापेक्षा या दोन टायरांच्या सहनशक्तीची मर्यादा आधी गाठली जाण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून टायरच्या दुकानात जाऊन ‘चांगला टायर कुठला?’ असं विचारण्यात अर्थ नाही. मागच्या प्रत्येक चाकावर किती पौंड येणार, हा आकडा आधी हातात हवा. टायर, रिम आणि हवा या तिन्ही गोष्टी त्यावरून ठरतात.

पायरी पहिली: ड्रायव्हरच्या दाराआड काय लिहिलंय ते वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतात. एकावर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे माल-माणसांसकट पूर्ण ट्रकच्या वजनाची मर्यादा असते. जीएडब्ल्यूआर म्हणजे एकेका एक्सलवरच्या वजनाची मर्यादा; हे आकडे पुढच्या आणि मागच्या एक्सलसाठी वेगवेगळे दिलेले असतात. टायरचा मूळ आकार, रिमचा आकार आणि थंड टायरमधल्या हवेचा दाबही तिथेच लिहिलेला असतो. दुसऱ्या स्टिकरवर बसणारी माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, हे सांगितलेलं असतं. तो पेलोडचा आकडा. जाहिरातीतला पेलोड विसरून जा. तो सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो; स्टिकरवरचा तुमच्याच ट्रकचा असतो.

एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या अर्ध्या टनाच्या वर्गातल्या बऱ्याच ट्रकांवर हा आकडा १,४०० ते १,९०० पौंडांच्या दरम्यान दिसतो. दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि थोडं सामान यांतच पाचशे पौंड जातात. उरलेल्या आकड्यात फार तर छत दुमडणारा हलका कॅम्पर बसेल. बाथरूम, फ्रिज आणि मोठी पाण्याची टाकी असलेला कॅम्पर हवा असेल, तर ट्रक तीन-चतुर्थांश टनी किंवा एक टनी, म्हणजे २५००/२५० किंवा ३५००/३५० या वर्गातला हवा. माझं मत विचाराल तर सरळ ३५० किंवा ३५०० घ्या. नव्या ट्रकच्या एकूण किमतीच्या मानाने फरक थोडा असतो, पण मागच्या एक्सलच्या क्षमतेत तो ठळक दिसतो.

डॅशबोर्डमधल्या ग्लोव्ह बॉक्समधले कागदही काढून बघा. स्लाइड-इन, म्हणजे हौद्यात सरकवून बसवायच्या कॅम्परसाठी योग्य असलेल्या ट्रकांबरोबर कॅम्पर लोडिंगची माहिती देणं कंपन्यांना अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केलेलं आहे. किती वजनाचा कॅम्पर चालेल आणि त्याचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत असावा, हे त्यात आकृतीसह असतं. कॅम्परच्या बाजूवरही त्याचा गुरुत्वमध्य खुणेने दाखवलेला असतो. ही खूण मागच्या एक्सलच्या थोडी पुढे आली पाहिजे. ती एक्सलच्या मागे गेली, तर कॅम्पर पुढची चाकं उचलायला बघतो. मग मागच्या एक्सलवर कॅम्परच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे भारी टायरांची चर्चा येणार आहे. टायर कितीही दणकट बसवले, मागे सस्पेन्शनला हवेच्या एअरबॅग घातल्या, स्प्रिंगच्या पाट्यांची संख्या वाढवली, तरी स्टिकरवरचे आकडे वाढत नाहीत. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, चासी सगळं जुनंच असतं. दणकट टायर घेतल्याने टायर ही साखळीतली कमजोर कडी राहत नाही, इतकाच त्याचा फायदा.

पायरी दुसरी: कॅम्परचं खरं वजन काढा

ब्रोशरमध्ये ‘ड्राय वेट’ लिहिलेलं असतं. त्यात पाणी नसतं, गॅस नसतो, आणि पुष्कळदा एसी, बाहेरचा पडदा, जादा बॅटरी, जनरेटर, सोलर पॅनेल यांपैकी काहीच धरलेलं नसतं. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड वाढले. वीस पौंडी प्रोपेनचा भरलेला सिलिंडर टाकीसकट ३७ पौंडांच्या आसपास जातो. कपडे, पांघरुणं, खुर्च्या, मुलांच्या सायकली हे वेगळंच.

आणि आपलं स्वयंपाकघर हलकं नसतं. दहा दिवसांच्या प्रवासाला तांदूळ, कणीक, डाळी, कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, डब्यांचा संच, शिवाय भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर त्यांच्या आवडीचं सगळं. हे घेऊ नका असं मी म्हणत नाही, प्रवासात गरम वरणभात मिळण्यासाठीच तर कॅम्पर घ्यायचा. फक्त ते वजनात धरा. मोठ्या कॅम्परच्या बाबतीत ब्रोशरच्या आकड्यावर हजार पौंड सहज चढतात.

पायरी तिसरी: काटा करा

इंटरस्टेटवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. लव्ह्ज, पायलट, फ्लाइंग जे, टीए अशा ठिकाणी ‘कॅट स्केल’चा फलक दिसेल. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर आणि मागची दुसऱ्या पट्ट्यावर येतील असा ट्रक उभा करायचा, खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाशी बोलायचं किंवा त्यांच्या अ‍ॅपवरून नोंद करायची. मिळालेल्या पावतीवर पुढच्या एक्सलचं, मागच्या एक्सलचं आणि एकूण वजन वेगवेगळं येतं. खर्च थोड्या डॉलरांचा. लाजायचं काही कारण नाही. तिथल्या ट्रकवाल्यांसाठी हे रोजचं काम आहे आणि आरव्हीवालेही, म्हणजे घरासारखी गाडी घेऊन फिरणारे, नियमित येतात. फक्त मागे अठरा चाकी उभे असतील तर काटा झाल्यावर जागा पटकन रिकामी करा.

कॅम्पर अजून घेतलेला नसेल, तरीही रिकामा ट्रक काट्यावर न्या. टाकी पूर्ण भरलेली हवी आणि घरातली सगळी माणसं आत बसलेली हवीत. मागच्या एक्सलच्या आकड्यात कॅम्परचं भरलेलं वजन मिळवलं की अंदाज तयार होतो. कॅम्पर आल्यावर, पाणी आणि सामान भरून, पुन्हा काटा करा. तो खरा आकडा.

समजा मागचं एकेक चाक असलेला एक टनी ट्रक आहे. माणसं आणि डिझेलसकट मागच्या एक्सलवर ३,१५० पौंड, भरलेला कॅम्पर ३,६५० पौंड. बेरीज ६,८००. दोन टायरांत वाटले तर प्रत्येकी ३,४००. पण कॅम्परमध्ये वजन असं समान वाटलेलं नसतं. फ्रिज, बॅटऱ्या आणि गॅस एका बाजूला, टाकी दुसरीकडे. एका बाजूला ३,२५० आणि दुसरीकडे ३,५५० असं निघणं अगदी शक्य आहे. टायरला सरासरी कळत नाही, त्याच्यावर आलेला भारच कळतो. म्हणून जमलं तर एकेका चाकाचं वजन करून घ्या. एस्केपीज या आरव्ही क्लबची स्मार्टवे नावाची सेवा टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनला हे काम करते. खडी-वाळूच्या यार्डातला काटाही चालतो, फक्त मालकाला विचारून एका बाजूची चाकं काट्याबाहेर ठेवायची. ओरेगनमध्ये महामार्गावरची बंद असलेली वजन केंद्रं आकडा दाखवत राहतात, तिथे बरेच आरव्हीवाले थांबतात.

पायरी चौथी: टायरवरची अक्षरं वाचायला शिका

टायरच्या बाजूवर असं काहीतरी लिहिलेलं असतं: एलटी २७५/७० आर १८ १२५/१२२ एस. २७५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ७० म्हणजे उंची रुंदीच्या सत्तर टक्के, १८ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. इथपर्यंत सगळे वाचतात. आपल्या कामाचं पुढे आहे. १२५ हा एकेरी चाकासाठी लोड इंडेक्स, म्हणजे ३,६४० पौंड. १२२ हा जोडचाकांसाठी (मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं असतील तेव्हा), म्हणजे प्रत्येकी ३,३०५ पौंड. शेवटचं एस हे वेगाचं अक्षर, ताशी ११२ मैलांपर्यंत. कॅम्परसकट तिथपर्यंत जायचा प्रश्नच नाही. बाजूला बारीक अक्षरांत कमाल भार आणि त्यासाठी लागणारी हवा पौंडांत आणि पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड, हे हवेच्या दाबाचं माप) छापलेली असते. तो मजकूर शोधा, मोबाइलने फोटो काढून ठेवा.

सुरुवातीची एलटी ही अक्षरं महत्त्वाची आहेत. लाइट ट्रक टायर. अर्ध्या टनाच्या बऱ्याच ट्रकांना कारखान्यातून प्रवासी गाडीच्या वर्गाचे टायर लागून येतात, आणि ते ट्रकवर लावले की त्यांच्या छापील क्षमतेला १.१० ने भागायचं असा नियम आहे. २,७५० पौंड लिहिलेला टायर ट्रकवर २,५०० चाच धरायचा. हलका कॅम्पर घेतला तरी हे टायर काढून एलटी बसवावेत, कारण त्यांच्या बाजू कडक असतात आणि वळणावर डोलणं कमी होतं.

आता लोड रेंज. हे अक्षर सी, डी, ई, एफ असं चढत जातं. सी साधारण ५० पीएसआयचा, डी ६५ चा, ई ८० चा. दुकानदार म्हणतो, ‘ई आहे, दहा प्लायचा आहे, काळजी करू नका.’ इथेच नवखा फसतो, कारण ई हे अक्षर किती पौंड ते सांगत नाही. तीन ई टायर शेजारी ठेवून बघा. एलटी २४५/७५ आर १७ चा लोड इंडेक्स १२१, क्षमता ३,१९५ पौंड. एलटी २७५/७० आर १८ ची ३,६४०. एलटी २७५/६५ आर २० चा इंडेक्स १२६, क्षमता ३,७५०. अक्षर एकच, पण पहिल्या आणि तिसऱ्या टायरमध्ये साडेपाचशे पौंडांचा फरक.

आणि मोठा टायर म्हणजे जास्त भार, हेही खरं नाही. ट्रक रुबाबदार दिसावा म्हणून ३५ × १२.५० आर २० हा आकार लोक हौसेने लावतात. त्याचा लोड रेंज ई प्रकार ६५ पीएसआयला ३,१९५ पौंडच पेलतो. दोन मिळून ६,३९०. आपल्या उदाहरणातल्या ६,८०० पौंडांना हे टायर अपुरे, आणि त्यांच्या जागी मूळचे अरुंद दिसणारे २७५/६५ आर २० दोन मिळून ७,५०० पौंड घेतात. वापरलेला ट्रक घेताना आधीच्या मालकाने असे टायर लावलेले असतील, तर ते बदलायचा खर्च किमतीच्या घासाघिशीत धरा.

किती जागा शिल्लक ठेवावी? प्रत्यक्ष भार टायरच्या क्षमतेच्या दहा टक्के तरी खाली असावा, असं मी धरतो. आपल्या उदाहरणात ३,५५० पौंडांच्या बाजूला ३,६४० चा टायर लावला तर उरले फक्त ९० पौंड. खड्डा, जोराचा वारा, उतारावरचं वळण यांत हे कधीच संपतात. ३,७५० चा टायर लावला तर २०० उरतात, साधारण पाच टक्के. आता पैसे खर्च न करता काय करता येतं ते बघा. जड सामान दुसऱ्या बाजूला हलवून दोन्हीकडे ३,४०० करून घेतलं, आणि टाकीत चाळीसऐवजी वीस गॅलनच पाणी ठेवलं, तर प्रत्येक चाकावर ३,३१५ च्या आसपास भार येतो. त्याच ३,७५० च्या टायरवर आता चारशे पौंडांहून जास्त जागा आहे. पाणी मुक्कामाच्या गावात भरता येतं. नवीन चाकांवर हजारो डॉलर घालण्याआधी ही फेरमांडणी करून बघाच.

भार जास्त झाला किंवा हवा कमी पडली तर टायरच्या आत नेमकं काय होतं हे समजलं की हे आकडे रुक्ष वाटत नाहीत. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू रस्त्यापाशी दबते आणि पुन्हा सरळ होते. जितकी जास्त दबेल तितकी उष्णता जास्त. ही उष्णता पोलादी तारांचे पट्टे आणि रबर यांची पकड सैल करत जाते आणि एका क्षणी वरचा थर सोलून निघतो. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते, आणि दोष हाच होता: वरचा थर सुटणं. बनावटीतल्या उणिवांबरोबर कमी हवा आणि उन्हाळ्याची उष्णता यांचीही तेव्हा खूप चर्चा झाली. त्याच वर्षी अमेरिकेत ट्रेड (TREAD) अ‍ॅक्ट हा वाहनसुरक्षेचा कायदा आला आणि त्यातून हलक्या गाड्यांना हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा, टीपीएमएस, सक्तीची झाली. ही सक्ती १०,००० पौंडांपर्यंतच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या गाड्यांना आहे. एक टनी ट्रक बहुधा त्याच्या वर असतो, म्हणजे ज्याला सर्वांत गरज त्याला सक्ती नाही. तुमच्या ट्रकला ती आहे का ते तपासा. नसेल तर व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर बाजारात मिळतात, ते लावा.

पायरी पाचवी: रिम टायरइतकीच पेलणारी हवी

टायर निवडून झाला की बरेच जण थांबतात. रिमलाही भाराची मर्यादा असते. बाहेरून घेतलेल्या रिमच्या मागच्या बाजूला ती कोरलेली किंवा ओतलेली असते. कंपनीच्या रिमची विक्रेत्याकडून कळते. ३,९७० पौंडांचा टायर ३,६४० पौंडांच्या रिमवर चढवला तर तुमची मर्यादा ३,६४० च. हवेच्या दाबाचंही तसंच: ८० पीएसआय मागणाऱ्या टायरला तेवढा दाब सोसणारी रिम हवी.

रिम बदलायची नसेल तर उत्तम. कंपनीची रिम त्या एक्सलसाठी बनवलेली असते. बदलायचीच असेल तर नटांची मांडणी जुळली पाहिजे. १९९९ पासूनच्या फोर्ड सुपर ड्यूटीच्या एकेरी चाकांना आठ नट १७० मिलिमीटरच्या वर्तुळावर, २०११ पासूनच्या जीएमच्या एकेरी चाकांच्या २५००-३५०० ला आठ नट १८० मिलिमीटरवर, रॅमच्या एकेरी चाकांच्या २५००-३५०० ला आठ नट साडेसहा इंचांवर. मधलं भोक हबवर नेमकं बसलं पाहिजे. चाकं बाहेर काढून रुंद दिसणारा ऑफसेट घेऊ नका. त्याने भार बेअरिंगपासून लांब जातो, आणि साडेतीन हजार पौंडांखाली बेअरिंग आधीच कष्ट करत असतं. चाक बाहेर ढकलणाऱ्या चकतीबद्दल, म्हणजे स्पेसरबद्दलही माझं हेच मत आहे.

व्हॉल्व्हकडे कोणी बघत नाही. साध्या गाड्यांना असतो तो रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. ८० भरणार असाल तर धातूचा, नटाने कसलेला व्हॉल्व्ह मागा. टायर बदलतानाच तो लावून घ्यायचा, खर्च नगण्य.

चाक बसवल्यावर नट टॉर्क पान्यानेच कसले जावेत. सुपर ड्यूटीला १६५ फूट-पौंड, जीएमच्या जड ट्रकांना १४०. तुमच्या ट्रकचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. नंतर ५० ते १०० मैलांवर पुन्हा तपासा. दुकानात गाडी परत न्यायचा कंटाळा येतो, म्हणून स्वतःचा टॉर्क पाना घ्या.

साडेएकोणीस इंचांची चाकं

ट्रक कॅम्परवाल्यांमध्ये हा विषय हमखास निघतो. १९.५ इंचांची चाकं मुळात व्यावसायिक ट्रकांची. फोर्डच्या सध्याच्या एफ-४५० पिकअपला ती कंपनीतूनच येतात. २२५/७० आर १९.५ लोड रेंज जी हा टायर ९५ पीएसआयला ३,९७० पौंड घेतो, २४५/७० आर १९.५ जी ११० पीएसआयला ४,५४०. बाजू कडक असल्याने उंच कॅम्परचं डोलणं पुष्कळ कमी होतं, आणि टायर जास्त मैल चालतो.

तोटेही खरे आहेत. चाक-टायरचा संच काही हजार डॉलरांचा. कॅम्पर उतरवला की ट्रक दणके देतो. टायर जड, नक्षी बहुतेक हायवेची, वाळूत हवा कमी करून चालवण्याजोगा नाही. वेगाची मर्यादा बऱ्याचदा ताशी ७५ ते ८७ मैलांची. लहान गावात नेमका आकार मिळेलच असं नाही. ज्यांचा कॅम्पर बाराही महिने ट्रकवरच असतो आणि मागच्या चाकावरचा भार ३,५०० च्या वर जातो, त्यांनी याचा जरूर विचार करावा. वर्षातून दोन-तीन सहली करणाऱ्या कुटुंबाला चांगला १८ किंवा २० इंची ई टायर पुरतो.

मागे जोडचाकं असलेला ट्रक, ज्याला इकडे ड्यूअली म्हणतात, हा तिसरा रस्ता. एलटी २४५/७५ आर १७ हाच टायर एकेरी ३,१९५ पौंड आणि जोडीत २,९१० पौंड पेलतो. जोडीत कमी, कारण दोन टायरांमध्ये उष्णता अडकते आणि भार कधीच अगदी समान वाटला जात नाही. पण चार मिळून ११,६४० होतात, एक्सलच्या मर्यादेपेक्षाही जास्त. स्लाइड-आउट, म्हणजे बाजूने बाहेर सरकणारा भाग असलेल्या मोठ्या कॅम्परला मी दुसरं काही सुचवणार नाही. आतल्या टायरची हवा तपासायला व्हॉल्व्हची लांब नळी लावा, आणि कच्च्या रस्त्यावरून आल्यावर दोन टायरांच्या फटीत दगड अडकलाय का ते पाहा.

पायरी सहावी: नक्षी कुठली?

बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर आणि मुक्कामापुरती खडी असेल, तर हायवे किंवा सौम्य ऑल-टेरेन नक्षी घ्या. चिखलासाठीचे खोल गोट्यांचे टायर भाराखाली लवलवतात, आवाज करतात, पावसात पकड कमी देतात.

बर्फात जायचं असेल तर टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन शोधा. कोलोरॅडोत आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे पकडीचा कायदा लागू असतो आणि नक्षीची खोली किमान ३/१६ इंच लागते. कॅलिफोर्नियात फोर-व्हील ड्राइव्हला बर्फात टायरवर चढवायच्या चेनमधून मिळणारी सूट वजनाशी बांधलेली आहे आणि कॅम्पर घेतलेला भारी ट्रक त्यात बहुधा बसत नाही. तेव्हा टाहोला हिवाळ्यात जाताना आपल्या मागच्या टायरच्या आकाराच्या चेन बरोबर हव्यातच, आणि त्या घरासमोर एकदा चढवून बघितलेल्या हव्यात.

पायरी सातवी: हवा

चांगला टायर वाईट हवेने वाया जातो. कमाल भार हा कमाल दाबालाच मिळतो. ८० ऐवजी ६५ भरले की ३,६४० पौंडांचा टायर ३,६४० चा राहत नाही. किती दाबाला किती भार, याचे तक्ते टायर कंपन्या देतात. टोयो, निट्टो, मिशलिन यांचे त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. काट्यावरचा आकडा घ्या, तक्त्यात शोधा, तेवढा भार पेलणारा लगतचा वरचा दाब भरा. मात्र कॅम्पर असताना स्टिकरवर लिहिलेल्यापेक्षा खाली कधी जाऊ नका, आणि टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वरही नको. पुढच्या टायरांवर कॅम्परचा भार फारसा येत नाही, त्यामुळे तिथला दाब वेगळा आणि बहुधा कमी असतो. कॅम्पर उतरवल्यावर मागचा दाब कमी करा, नाहीतर टायर मधोमध झिजतो आणि रिकामा ट्रक ओल्या रस्त्यावर मागून घसरतो.

हवा थंड टायरची मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. ८० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की पावणेदोन पीएसआय जातात. दुपारी ७० अंशांना भरलेले ८०, पहाटे ३० अंशांना ७३ च्या आसपास दिसतील. मुक्कामावर रोज सकाळी निघण्याआधी गेज लावायची सवय मुलांनाही लावा, त्यांना हे काम आवडतं. चालून गरम झालेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला तर हवा सोडू नका. तो वाढणारच, टायर ते धरूनच बनवलेला असतो.

पेट्रोल पंपावरची अनेक यंत्रं ८० पर्यंत पोचत नाहीत. ट्रकच्या बॅटरीवर चालणारा, १०० पीएसआयच्या वरच्या दाबाचा छोटा कंप्रेसर आणि एक चांगलं गेज स्वतःजवळ ठेवा.

वय आणि स्टेपनी

टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर आकडे-अक्षरांची ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे बनावटीची तारीख: ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. दुकानात नवे टायर बसवण्याआधी हे वाचा आणि दोन वर्षं गोदामात पडलेला टायर परत करा. कॅम्परचा ट्रक कमी चालतो, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर मात्र उन्हाने म्हातारं होतं. अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. दहा वर्षांच्या पुढे तर कोणताच टायर ठेवू नये. मागच्या टायरांच्या बाबतीत मी सहाची रेषा पाळायला सांगेन, नक्षी कितीही छान दिसो.

वापरलेल्या ट्रकची स्टेपनी बहुधा पहिल्या दिवसापासून तळाशी लटकलेली असते. तिचीही तारीख आणि लोड इंडेक्स बघा. मागच्या टायरांची क्षमता वाढवली असेल, तर स्टेपनीही तेवढीच हवी, आणि १९.५ ची चाकं घेतली असतील तर स्टेपनीसाठी पाचवं चाकही विकत घ्यावं लागतं. ट्रकबरोबर आलेला जॅक भरलेल्या कॅम्परसकट एक्सल उचलेल यावर विसंबू नका. बारा टनी बॉटल जॅक, खाली टाकायला जाड लाकडी फळी आणि नटाला बसणारा लांब दांड्याचा पाना घ्या. घरासमोर सपाट जागेवर, कॅम्पर चढवलेला असताना, मागचं एक चाक खरोखर उतरवून पुन्हा लावा. मागे आलेल्या कॅम्परखालून स्टेपनीची केबल सोडायचा दांडा आत जातो की नाही, हे तेव्हाच कळतं.

रस्त्यावर मदत देणारी सदस्यता असेल, तर फोन करून ‘पिकअप’ एवढंच न सांगता ‘वर कॅम्पर असलेला पिकअप, एकूण वजन इतके पौंड’ असं सांगून विचारा. साध्या योजनांत बऱ्याचदा आरव्ही धरलेला नसतो, आणि त्यासाठी वरची योजना वेगळी घ्यावी लागते.